धंद्याची गाडी

७ सप्टेंबर, रविवार

डावा हात गळ्यात बांधलेला आहे, त्यामुळे उजव्याला लिहिण्याशिवाय दुसरं काम नाही. मनगटाचं प्लास्टर आणखी आठ-दहा दिवस राहील म्हणाले. दुकान बन्सी बघतो. बन्सी माझा फिटर. हाताला उत्तम, पण गिऱ्हाईक बोलायला लागलं की पाना शोधायला आत निघून जातो. म्हणून मी खुर्चीत बसून "या, बसा" एवढंच करतोय. पशुखाद्याच्या कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडली होती, ती उघडली.

कसा पडलो ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे येईल त्याला सांगायला नको. दूध काढायचं मशीन मोटारसायकलवर मागे बांधून संगमनेरहून अकोले तालुक्याकडे निघालो होतो. या मशीनचं दुकान टाकल्यापासून गिऱ्हाइकाकडे मशीन असंच नेतो. एका वळणावर खडीवरून चाक सरकलं आणि मी रस्त्याच्या कडेला. मशीनला ओरखडासुद्धा नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर चांगुणाला, म्हणजे आमच्या मंडळींना, सगळ्यात आधी हेच सांगितलं की मशीन शाबूत आहे. तर तिने दोन दिवस बोलणं टाकलं. का, ते काही उमगलं नाही.

९ सप्टेंबर

मेहविश येऊन गेली. ही शेजारच्या टायरवाल्या अब्दुलची मुलगी. सीए झाली आणि पुण्याला न राहता संगमनेरातच ऑफिस थाटलं. दुकानाचा कर, जीएसटी, सगळं तीच बघते. हात पाहायला आली होती, पण बोलता बोलता कामावर आली.

"काका, यंदा नफा चांगला आहे. कर बसणार. आणि तुम्ही अजून मोटारसायकलला मशीन बांधून फिरता. दुकानाच्या नावावर गाडी का घेत नाही?"

मग तिने समजावून सांगितलं. धंद्यासाठी गाडी घेतली तर तिची सगळी किंमत एकदम खर्चात धरत नाहीत. गाडी दरवर्षी झिजते असं मानून पंधरा टक्के नफ्यातून वजा करतात. त्याला घसारा म्हणतात. कर्जावरचं व्याजही वजा होतं. पण मेख अशी की गाडी वर्षात एकशे ऐंशी दिवसांपेक्षा कमी वापरली, तर घसारा निम्माच.

"म्हणजे तीन ऑक्टोबरपर्यंत गाडी कामाला लागली पाहिजे. नुसती दारात हार घालून उभी केली तर चालणार नाही."

मी म्हटलं, "मग मोठी घेऊ. सात सिटांची. कर वाचवायचाच तर दणक्यात वाचवू."

ती हसली. "कर वाचवायला गाडी घेत नाहीत, काका. गाडी लागते म्हणून घेतात. आणि मालवाहू घेतली तर भरलेला जीएसटीही परत मिळतो. तशा कारचा मिळत नाही. बावीस तारखेपासून जीएसटी उतरतोय, तेव्हा काय ते लवकर ठरवा."

ती गेल्यावर घसारा हा शब्द डोक्यात राहिला. माझं वय छप्पन्न. माझा घसारा कुणाच्या नफ्यातून वजा होतो देव जाणे.

१२ सप्टेंबर

ओंकारचा फोन. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, सूनबाई निकिता तिथेच एका लॅबमध्ये. गाडीचं कानावर घालताच त्याचा आवाजच बदलला.

"बाबा, सात सिटरच घ्या. दुकानाच्या नावावर घ्या म्हणजे कर वाचेल, आणि गाडी इथं माझ्याकडे ठेवू. तुम्हाला तिथं रोज कुठे लागणार? सगळे असंच करतात. गाडी असली की आम्ही दर शनिवारी येत जाऊ."

दर शनिवारी! मी लगेच हो म्हणून टाकलं.

१४ सप्टेंबर, रविवार

चांगुणाला सांगितलं की आता ओंकार दर शनिवारी येणार.

ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "का? यष्टी बंद झाल्या व्हय?"

गाडीतलं तिला काय कळणार, म्हणून मी पुढे बोललो नाही.

१६ सप्टेंबर

प्लास्टर निघालं. हात पांढराफटक आणि बारीक दिसतो, दुसऱ्याचा लावल्यासारखा.

तसाच मेहविशच्या ऑफिसात गेलो. सात सिटांची गाडी पसंत केल्याचं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "चालवणार कोण, काका?"

मी म्हटलं, "आम्हीच. घरातलेच."

"ओंकार?"

ही पोर लहानपणापासून ओंकारला ओळखते. खोटं बोलायचं तरी किती? सांगितलं.

"मग ती धंद्याची गाडी नाही. कागदावर दुकानाचं नाव असणं वेगळं आणि गाडी दुकानासाठी फिरणं वेगळं. ओंकारच्या नोकरीचा तुमच्या दुकानाशी काय संबंध? उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू? मी नाही दाखवणार तो खर्च."

"सगळे करतात, मेहविश."

"करत असतील. तुमचे कागद मी करते."

फार राग आला. हिला मी कडेवर घेऊन पेरू तोडून दिलेत. चहा न घेताच उठलो. बाहेर आल्यावर अब्दुल भेटला, त्याच्याशीही धड बोललो नाही. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

१८ सप्टेंबर

राग उतरला नव्हता, म्हणून जेवताना सगळं चांगुणापुढे ओकलो. ओंकार काय म्हणाला, मेहविश काय म्हणाली, तीन तारखेची मुदत, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला इचारलं का कोनी?"

"तुला काय विचारायचं?"

"बारका टेम्पो घ्या. मशीन मागं बसंल. पुढं दोन सिटं बास झाली."

"दोनच? आणि घरातली माणसं?"

"घरातली मानसं किती हायत आता?" ती म्हणाली. "दोनच हायत."

रात्रभर विचार केला आणि पटलं. जीएसटी परत मिळतो, मशीन उघड्यावर भिजत नाही, डिझेलही कमी लागतं. चांगुणाला व्यवहाराची एवढी जाण आहे हे मला आजवर माहीतच नव्हतं.

२० सप्टेंबर

ओंकारला फोन केला. आधी हवापाणी विचारलं, मग सांगून टाकलं की टेम्पो घेतोय. तो मग म्हणाला, "टेम्पो? बाबा, लोक पुढे जातात, तुम्ही मागे." मी म्हटलं, अरे, काम तसं आहे. तो म्हणाला, "बरं. घ्या तुमच्या मनाने." दसऱ्याला येणार का विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, धीर झाला नाही.

मेहविशकडे जाऊन टेम्पोचं सांगितलं. तिने काही ऐकवलं नाही, चहा मागवला. दोन कप घेतले. परवाचाही.

२९ सप्टेंबर

जीएसटी उतरल्यापासून शोरूममध्ये जत्रा भरल्यासारखी गर्दी आहे. टेम्पो आलाय, आम्ही जाऊन बघितला, पांढरा आहे. पण नंबर पडल्याशिवाय गाडी बाहेर सोडत नाहीत. तिथला पोरगा म्हणतो, "सर्व्हर स्लो आहे, काका, दसऱ्याला देतो." मी विचारलं, "दसऱ्याला म्हणजे दसऱ्याच्या दिवशीच ना?" त्याने नुसती मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळपासून शोरूममध्ये बसून. आमच्यानंतर आलेले पेढे वाटून गेले. चांगुणा नवीन लुगडं नेसून, पूजेचं ताट मांडीवर घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मी दर थोड्या वेळाने उठून काउंटरवर जायचो. ती म्हणाली, "बसा हो. तुमच्या चकरांनी नंबर लवकर येनार हाय का?"

ऊन उतरायला लागल्यावर नंबर आला. पाटी बसवली. चांगुणाने चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. झेंडूचा हार मी बांधला, तो तिरका बसला. घरापर्यंत मीच चालवत आणली. तरुणपणी दूध संघाचा टेम्पो चालवायचो, ते हाताला अजून आठवतं. मात्र गिअर डाव्या हाताचा, त्यामुळे दर वेळी मनगटातून कळ येत होती. चांगुणाला बोललो नाही.

ओंकारचा मेसेज आला, सोन्याच्या पानांचा फोटो. टेम्पोचा फोटो मी पाठवला. त्यावर अंगठा आला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस हातातून जाता जाता राहिला.

साकूरच्या पुढे, पारनेरच्या हद्दीला लागून एक वस्ती आहे. तिथल्या लंकाबाईंनी मशीन बुक केलं होतं. आज पोचवायचं, म्हणजे टेम्पो मुदतीत कामाला लागला, असा माझा बेत. सकाळी मशीन टेम्पोत चढवतो न चढवतो, तोच त्यांचा फोन.

"भाऊ, आज नका येऊ. मालक नगरला गेल्यात. पुढल्या हप्त्यात बघू."

"अहो ताई, पैसे तर भरलेत तुम्ही. आज लावून देतो."

"न्हाई भाऊ, नकोच," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आज दुसरी कुठलीच डिलिव्हरी नाही. मेहविशला फोन करून विचारलं, माल पोचवल्याचं आजच्या तारखेचं चलन नुसतं फाडून ठेवलं तर? ती म्हणाली, "चलन फाडून गाडी चालत नाही, काका. खरोखर कुठेतरी माल पोचवा, नाहीतर निम्मा घसारा घ्या. आकाश कोसळत नाही." तिला म्हणायला काय जातं?

चांगुणा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "द्या मला त्यांचा फोन लावून."

लावून दिला. ती फोन घेऊन परसात गेली. मला वाटलं, चार वाक्यं बोलेल. ती जास्वंदीपाशी बसूनच राहिली. मधून मधून ऐकू येत होतं, "व्हय ना... माझंबी गुडघं... कोणची, कपाळावर चांद हाय ती?... लई गुनाची हो..." मशीनचं नावसुद्धा नाही. मी नुसता हात चोळत उभा.

अखेर आली. "चला. या म्हनत्यात. मीबी येते."

"तू कशाला?"

"गिअर टाकताना तुमचा हात दुखतुया. काल बघितलं मी."

"मग तू काय गिअर टाकणार आहेस?"

"पानी तर देईन," म्हणाली आणि चढून बसलीसुद्धा.

चंदनापुरीचा घाट चढताना तिने काच खाली केली. सगळा पदर वाऱ्यावर, केस तोंडावर. म्हटलं, काच लाव, धूळ येतेय. तिला ऐकू आलं नसावं.

लंकाबाईंच्या गोठ्यात चार गाई. त्यांची बोटं बघितली. धारा काढून काढून सांधे फुगलेले, मूठ पुरती मिटत नाही. मालकांनी मशीन घ्यायचं ठरवलं ते त्यामुळेच. मी मशीन मांडलं, नळ्या जोडल्या, आणि बाई कपाळावर चांद असलेल्या गाईपुढे जाऊन आडव्या उभ्या राहिल्या.

"हिला नका लावू, भाऊ. ही माझ्याबिगर कोनाला सडाला हात लावू देत न्हाई."

मी म्हटलं, "ताई, मशीनने काही इजा होत नाही. वासरू पितं तसंच असतं."

"तसं न्हाई हो..." त्या माझ्याशी बोलेनात. चांगुणा जवळ गेली, तेव्हा तिला हळूच म्हणाल्या, "मशीन आल्यावर हिला माझी वळख राहील का हो? दोन्ही टायमाला मी हिच्यापाशी बसते. तेवढंच बसनं असतं माझं."

चांगुणा म्हणाली, "मग आता नुसतं बसा की. हात गुतलेलं असलं की मानसाला नीट बसतासुदिक येत न्हाई. मशीन त्याचं काम करंल, तुमी हिची मान खाजवा."

लंकाबाई गाईच्या गळ्याशी जाऊन बसल्या. मी मशीन सुरू केलं. गाईने एकदा पाय उचलला, मागे वळून बघितलं, बाई शेजारीच आहेत असं दिसल्यावर पाय खाली ठेवला. पान्हा सोडला. कॅनमध्ये दूध पडायला लागलं. लंकाबाईंनी पदर डोळ्याला लावला. चांगुणाचेही डोळे भरलेले दिसले. गोठ्यात धूळ फार होती.

परतताना घाटात एका टपरीवर थांबून भजी खाल्ली. ती म्हणाली, "या रस्त्यानं मी लगीन झाल्यावर देवाला जाताना आले व्हते. त्येच्यानंतर आजच." मी म्हटलं, असं कसं, किती वेळा तरी गेलोय आपण. ती म्हणाली, "तुमी गेलाय."

गाडी मुदतीत कामाला लागली. पुरा घसारा मिळणार. मन हलकं झालं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

चांगुणा आता बहुतेक फेऱ्यांना येते. कधी माझ्या हातासाठी, कधी पाणी देण्यासाठी, एकदा म्हणे बन्सीने रस्ता नीट सांगितला नसेल म्हणून. धंद्याला मात्र तिच्या येण्याचा फायदा झाला. पुरुष मशीनची किंमत विचारतात, बायका गाईला दुखेल का ते विचारतात. बायकांशी ती बोलते. तीन नवीन चौकशा आल्या.

भाऊबीजेला ओंकार-निकिता येणार आहेत. एसटीने.

२४ ऑक्टोबर

दोघं आले, एक रात्र राहिले, गेले. निकिता टेम्पोत बसून चांगुणाबरोबर भाजी आणायला गेली, दोघी हसत परत आल्या. ओंकारने टेम्पोकडे बघितलं नाही. जाताना स्टँडवर सोडू का विचारलं. "रिक्षा सांगितलीय," म्हणाला.

९ नोव्हेंबर, रविवार

राजूरला एका मशीनची नळी बदलायची होती. काम लवकर आटोपलं. तिथून रंधा धबधबा थोडाच पुढे. चांगुणा म्हणाली, "पानी असंल का अजून?" म्हटलं, बघून येऊ. पाणी होतं. ती कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. मी काही अगदीच रिकामा उभा नव्हतो, बाजूला कणसं विकणाऱ्या बाईंना गाई किती विचारून घेतलं आणि दुकानाचं कार्ड दिलं. तेव्हा ही फेरी धंद्याचीच धरायला हरकत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवगावला मशीन पोचवलं. चांगुणाचं माहेर त्या बाजूचं. ती शिकली ती शाळा रस्त्यावरच लागते. सुट्टी होती, फाटकाला कुलूप. तिने गजातून कुठला वर्ग कुठे होता ते दाखवलं. ती सातवीपर्यंत पहिली यायची, हे मला आज कळलं. लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं आणि नंतर मी विचारलं नाही. शाळेशेजारीच राहणाऱ्या शिपायाला कार्ड दिलं. त्याच्याकडे एक म्हैस आहे.

४ डिसेंबर

मोबाईलवर एक बातमी फिरतेय. धंद्याच्या नावावर गाड्या घेऊन घरगुती वापरणाऱ्यांची चौकशी होणार वगैरे. खरी की खोटी देव जाणे, पण मी ती दोनदा वाचली. दुकानात एक जण हसत म्हणाला, "सहादेवराव, टेम्पो धंद्याचा का जोडीचा?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन चांगुणाला सांगितलं, की यापुढे टेम्पोत फक्त कामाचं माणूस. नियम म्हणजे नियम.

ती "बरं" म्हणाली. एवढंच.

१० डिसेंबर

राहुरीला जाऊन आलो. इंजिनाचा आवाज वाढलाय.

१३ डिसेंबर

पारनेरला जाऊन आलो. डब्याची भाकरी टेम्पोत बसून खाल्ली. आवाज फारच वाढलाय. आत सगळं घुमतं. बन्सीने तपासलं, एक चक्कर मारून आला, म्हणाला, "काय बी न्हाई, गाडी मख्खन हाय." त्याला इंजिनातलं कळत नाही. मेकॅनिककडे नेलं. तोही म्हणतो काही नाही.

१७ डिसेंबर

न राहवून मेहविशकडे गेलो. आडून आडून विचारलं, समजा माल पोचवायला निघालेल्या गाडीत मालकाची बायको बसली, तर?

तिने पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही काकूंना न्यायचं बंद केलंत?"

"नियम आहे ना."

"कुठला नियम? माल पोचवायला निघालात तर ती फेरी धंद्याची. शेजारच्या सिटवर काकू असोत की पिशवी. नुसतं फिरायला गेलात, तर तेवढा हिस्सा घरगुती. तो वर्षाच्या शेवटी सोडून द्यायचा, त्यावरचा कर भरायचा, संपलं. गुन्हा नाही तो."

"गुन्हा नाही?"

"फिरणं? नाही, काका."

घरी आलो. चांगुणा अंगणात वाळवण उचलत होती. म्हटलं, उद्या कोपरगावकडे जायचंय. ती म्हणाली, "जा की." म्हटलं, हात जरा दुखतोय. ती म्हणाली, "तेल लावून देते." मग मलाच सरळ म्हणावं लागलं, "येतेस का?"

तिने उरलेलं सगळं वाळवण उचललं, डबा भरला, झाकण लावलं. मग म्हणाली, "बघते."

१८ डिसेंबर

आली. इंजिनाचा आवाज आज नव्हता. थंडीत तेल घट्ट होत असावं.

१८ जानेवारी, रविवार

नवीन डायरी, कंपनी तीच.

काल पहाटे ओंकारचा फोन आला. आवाज उतरलेला. त्यांनी मोशीला फ्लॅट घेतला आहे, भाड्याचं घर कालच सोडायचं होतं, आणि सामान न्यायला सांगितलेला टेम्पोवाला ऐन वेळी नाही म्हणाला. "बाबा, तुमचा... मोकळा आहे का?"

मी म्हटलं, "तुझी आई विचारतेय, किती वाजता निघायचं." आईने काही विचारलं नव्हतं. ती चपला घालत होती.

दोन खेपा केल्या. गादी, कपाट, फ्रिज, निकिताच्या कुंड्या. फ्रिज चढवताना ओंकार एका बाजूला, मी दुसऱ्या. त्याने माझ्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, सोडा, हात दुखेल. तुम्ही पडलात तेव्हा मी यायला हवं होतं." मी म्हटलं, "फ्रिज तिरका धर."

दुसऱ्या खेपेला चांगुणा नव्या घरी निकिताबरोबर थांबली आणि तिच्या सिटवर ओंकार बसला. वाटेत त्याने हळूच डॅशबोर्डवर हात फिरवला. "बरा पळतो की हा." मग म्हणाला, "एका शनिवारी मी येतो. मला शिकवा हा चालवायला." कारचं लायसन्स आहे त्याच्याकडे. हा चालवायला वेगळं काय शिकायचं असतं? पण मी हो म्हटलं.

ही फेरी धंद्याची नव्हती. कार्ड कुणालाच दिलं नाही. आठवणच झाली नाही.

११ जून, गुरुवार

मेहविशने वर्षाचे कागद काढले. दुकानाचं साल चांगलं गेलं. टेम्पोच्या ओळीवर येऊन ती थांबली.

"पूर्ण घसारा घेते. तीन ऑक्टोबरला लंकाबाईंचं चलन आहेच. वापर सगळा धंद्याचा ना, काका?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मोशीचा फ्रिज आठवला, रंधा आठवला, शाळेचं कुलूप लावलेलं फाटक आठवलं. म्हटलं, "नाही. घरगुती किती धरायचा ते उद्या सांगतो."

संध्याकाळी चांगुणाला हिशोब विचारला. म्हटलं, नीट आठव. कामाच्या फेऱ्या सोडून निव्वळ आपल्यासाठी अशा किती झाल्या असतील?

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "कामाच्या म्हंजे?"

"म्हणजे मशीन लावायला, दुरुस्तीला. तू यायचीस त्या."

"मी कामाला एकदाबी आले न्हवते," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मी तिथेच पाटावर बसून राहिलो. तिने भाकरी उलटली, फुगली, ताटात टाकली. म्हणाली, "जेवा. गार हुती."

१३ जून, शनिवार

काल मेहविशला सांगितलं, पाचवा हिस्सा घरगुती लिही.

"पाचवा? काका, एवढा नसेल. तेवढ्याचा घसारा जाईल, डिझेलही जाईल, जीएसटीचाही तेवढा भाग परत भरावा लागेल."

"जाऊ दे. उलट कमीच सांगतोय."

तिने माझ्याकडे बघितलं, पण कारण विचारलं नाही. लिहून टाकलं. दुकान काढल्यापासून कर भरताना दर वर्षी घासाघीस करतो. यंदा केली नाही.

परत येताना अब्दुलच्या दुकानात टेम्पोची हवा बघून घेतली. ओंकार रात्री येतोय, निकिताला घेऊन. टेम्पो शिकायचाय म्हणतो. पण त्याला म्हटलं, संध्याकाळी शीक, सकाळी टेम्पो मोकळा नाही.

उद्या रविवार. कुणाचं मशीन पोचवायचं नाही, कुणाचं बिघडलेलं नाही. आम्ही दोघं सकाळी लवकर निघतोय.